उघड्या डोळ्यांची प्रार्थना

लहानपणी मला वाटायचं, प्रार्थना म्हणजे झोप येण्याची ठरलेली वेळ. माझे वडील ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते, म्हणजे चर्चचे पास्टर. त्यांची मंडळी बदलली की आमचं घर बदलायचं. काही वर्षं बार्शीत गेली, काही उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावात, जिथे उसाला पाणी देणाऱ्या मोटारींची घरघर कायम कानात असायची. घर कुठलंही असो, दिवेलागणीला चटई अंथरली जायची. मम्मी गीत सुरू करायची, मग शास्त्रवाचन आणि मग पप्पांची प्रार्थना.

ती लांबलचक असायची. आम्हा घरच्यांपासून निघून ती गल्लीत जायची, शेजाऱ्याच्या आजारी म्हशीपाशी थांबायची, मुक्कामी एस.टी.च्या कंडक्टरची विचारपूस करायची. ती तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत मी गुडघ्यांवरच झोपलेली असायचे, कपाळ खाटेच्या कडेला टेकवून.

"जागी आहेस का गं?" पप्पा मधेच विचारायचे, देवाशी बोलत होते त्याच आवाजात.

मी दचकून "आमेन" म्हणायचे. मम्मी चिडायची. पप्पा मात्र हसायचे. "असू दे. क्रुसाच्या आदल्या रात्री प्रभू येशू बागेत इतक्या कष्टी मनानं प्रार्थना करत होता, तेव्हा त्याचे शिष्यसुद्धा झोपलेच होते. पोरगी चांगल्या संगतीत आहे." आणि चटई गुंडाळता गुंडाळता म्हणायचे, "पण त्यानं त्यांना उठवलं होतं, हे ध्यानात ठेव."

मिटल्या डोळ्यांनी पप्पांना माझी झोप कशी कळते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पाळकांना सगळं कळतं, असंच वाटायचं.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन सोलापुरात आले. माझे मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात आहेत. मम्मी गेल्यावर पप्पा आमच्याकडे राहायला आले आणि त्यांच्यासोबत संध्याकाळची प्रार्थनाही आली. आता मला झोप लागायची नाही, पण त्याहून वेगळं काही घडत होतं असंही नाही. डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि मन कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलेलं. पप्पांनी "आमेन" म्हटलं की मी उठून थेट ओट्याशी.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, एका सकाळी दाढी करता करता पप्पा आरशासमोरच खाली बसले. हातातला ब्रश सुटला. मी धावत गेले तर चेहऱ्याची एक बाजू उतरलेली आणि ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगायचा आटापिटा करत होते. दवाखान्यात बरेच दिवस गेले. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालता येऊ लागलं, पण बोलणं गेलं.

"त्यांना सगळं समजतंय," डॉक्टरांनी सांगितलं. "डोकं जागेवर आहे. फक्त शब्द हाताशी लागत नाहीत. काही पेशंटना एखादाच शब्द उरतो. तो कुठला, ते आपल्या हातात नसतं."

पप्पांना उरला होता "चला".

भूक लागली की "चला". नको असलं की "चला", मान हलवून. लाईट गेली, "चला". मंडळीतली माणसं भेटायला आली, "सलाम पाळकसाहेब" म्हणाली, की डाव्या हातानं त्यांचा हात धरून, भरल्या डोळ्यांनी, "चला, चला." आयुष्यभर ज्या माणसानं व्यासपीठावरून शब्दांची पेरणी केली, त्याच्या कणगीत एवढा एक दाणा राहिला होता. आलेली माणसं बाहेर पडताना माझ्याकडे न बघताच चपला घालायची.

घरी आणलं त्या दिवशी दिवेलागणीला पप्पा आपणहून उठून बसले. आम्हा दोघांकडे बघू लागले. मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"आज मनातल्या मनात करू या, पप्पा," मी म्हणाले.

त्यांनी डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर थाप मारली. "चला!"

मी कधी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. पाळकाच्या मुलीला ती करावीच लागली नव्हती. घरात एक माणूस होता ना त्यासाठी. मी डोळे मिटून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हणून टाकली, शाळेत परिपाठाला म्हणतात तशी, एका दमात. दुसऱ्या दिवशी तीच. तिसऱ्या दिवशी तीच. पप्पांचा चेहरा काही खुलेना. मला रागही आला होता, त्यांच्यावर नाही, देवावर. ज्यानं तुझ्याशी बोलण्यात जन्म घालवला त्याचीच वाचा न्यावी? हे मी मोठ्यानं म्हणत नव्हते, आणि दुसरं खरं असं म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं. म्हणून पाठ केलेलंच म्हणत होते.

एकदा म्हणता म्हणता मधली ओळच विसरले. इतक्या वर्षांची पाठ प्रार्थना! थांबले, आणि गोंधळून डोळे उघडले. बघते तर पप्पांचे डोळे सताड उघडे. ते मिस्टरांच्या डोळे मिटलेल्या चेहऱ्याकडे बघत होते, अगदी निरखून. मग त्यांनी खिडकीबाहेर समोरच्या घरांकडे नजर फिरवली, कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत नेली आणि शेवटी माझ्यावर आणली. मी बघतेय हे बघून ते हलकंच हसले. चोरी पकडली गेल्यासारखं नव्हे, तर कुणीतरी आपल्या खोलीत पाहुणं आल्यासारखं.

तेव्हा मला उमगलं. ते असेच प्रार्थना करत आले होते. आम्ही सगळे डोळे मिटून बसायचो आणि ते एकेकाला बघत बघत देवापुढे ठेवायचे. म्हशीचं, कंडक्टरचं त्यांना दिवसभर दिसलेलं असायचं आणि संध्याकाळी तेच ते देवाला सांगायचे. मी ज्याला लांबण समजत होते ती त्यांची दिवसभराची नजर होती.

त्या दिवसापासून मीही डोळे उघडे ठेवले. आणि आमचा एक विचित्रच प्रकार सुरू झाला. पप्पा डाव्या हाताचं बोट दाखवायचे आणि मी ओळखून प्रार्थना करायचे. एकदा त्यांनी खिडकीबाहेर वर बोट केलं.

"पाऊस पडू दे, प्रभू," मी म्हणाले.

मान नाही म्हणून हलली.

"चिंचेच्या झाडासाठी?"

"चला!" म्हणजे अजिबात नाही.

"पप्पा, कावळा आहे तिथे. कावळ्यासाठी करू?"

मिस्टर हसू दाबत होते. मी उठून खिडकीशी गेले. विजेच्या खांबावर एक माणूस चढलेला होता, वायर जोडत होता, खाली शिडी धरायला कुणी नव्हतं. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली. तो उतरेपर्यंत पप्पांनी "आमेन" होऊ दिलं नाही. मग मी त्या माणसाला हाक मारून पाणी दिलं. आमच्या घरातून कुणीतरी तेवढा वेळ त्याच्याकडे बघत होतं, हे त्याला मी काही सांगितलं नाही.

असं करता करता काही आठवडे गेले. एका संध्याकाळी पप्पांनी स्वतःच्या कानाला हात लावला आणि मग मिस्टरांकडे बोट केलं.

"कान दुखतोय का पप्पांचा?" मी मिस्टरांना विचारलं. ते माझ्या उजव्या बाजूला बसले होते, डोळे मिटून. उत्तर आलं नाही. दिवसभराच्या ड्युटीनंतर ते असेच पेंगतात, असं मी धरून चालले होते. त्यांचा "आमेन"ही हल्ली आमच्यामागून यायचा, तोही त्या थकव्याच्याच खात्यावर मी टाकला होता.

पप्पांनी पुन्हा कानाला हात लावला, पुन्हा त्यांच्याकडे बोट केलं. मग खाटेवरून सरकत सरकत पुढे आले आणि आपला डावा तळवा जावयाच्या डाव्या कानावर ठेवला.

मिस्टरांनी डोळे उघडले. ते पप्पांकडे बघूनच म्हणाले, "कळलं की तुम्हाला."

"काय कळलं?" मी.

"ह्या कानानं ऐकू येत नाही. दिवाळीपासून. आता उजवाही कमी व्हायलाय."

"दिवाळीपासून? आणि मला बोलला नाहीत?"

"काय बोलू? लूमच्या आवाजात निम्म्या लोकांचं असंच हाय. सुपरवायजरला कळलं तर मशिनीवरनं काढून कुठंतर गेटवर बसवतील. आणि आता तर तू पप्पांच्या मागं पळतीयस." ते माझ्याकडे वळले. "तुझ्या तोंडाकडं बघून बघून वेळ मारून नेत होतो. प्रार्थनेत तेवढं जमत नव्हतं. डोळे मिटले की काहीच कळत नव्हतं, कधी संपली ते."

एका घरात, एका चटईवर बसून मी हे बघितलं नव्हतं. ज्याला बोलता येत नव्हतं त्यानं बघितलं होतं. पण त्या क्षणी मला अपराधी वगैरे वाटायला वेळच मिळाला नाही, कारण पप्पा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं: हां, आता कर.

मी नवऱ्याचा हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा खरी प्रार्थना केली. मोडकीतोडकी होती. मधे मी रडले, मधे देवाशी भांडलेसुद्धा. पप्पांच्या वाचेचा विषयही त्यात निघाला. मिस्टर उघड्या डोळ्यांनी माझ्या ओठांकडे बघत होते. त्याच आठवड्यात आम्ही कानाच्या डॉक्टरकडे गेलो. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं जपता येईल, मशीन लावता येईल, असं ते म्हणाले. कारखान्यात मिस्टरांनी स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांना लूमवरून काढलं खरं, पण गेटवर नाही, टॉवेल तपासायच्या खात्यात दिलं. तिथे आवाज कमी आणि त्यांची नजर मुळातच चोख.

आमच्या समोरच्या घरात एक अक्का राहतात. तेलुगू, पिढीजात विणकरांच्या घरातल्या. त्यांचे मालक वारलेले, मुलगा हैदराबादला. दिवसभर उंबऱ्यावर सूप मांडीत घेऊन त्या विड्या वळतात. आम्ही इथे आलो तेव्हापासूनची ओळख होती, पण ती "बरं हाय का टीचर?" "बरं आहे अक्का" एवढीच. पप्पा आजारी पडल्यावर मात्र त्या रोज दुपारी मी शाळेत असताना त्यांच्याजवळ येऊन बसू लागल्या. विड्यांचं सूप घेऊनच यायच्या. मराठीत सुरू करायच्या आणि बोलता बोलता तेलुगूत शिरायच्या. पप्पांना तेलुगूचं एक अक्षर कळत नव्हतं.

"अक्का, त्यांना कळत नाही हो," मी एकदा म्हटलं.

"कळतंय की," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला फोनवर मराठी-तेलुगू दोन्ही कळतंय, पर त्यो ऐकत न्हाय. हे ऐकतात."

पप्पांच्या बोटाच्या टप्प्यात अक्कांचं घर रोजच यायचं. त्यामुळे त्यांचं नाव आमच्या प्रार्थनेत रोजचंच झालं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. त्या त्यांच्या देवाला उदबत्ती लावताना आमचंही नाव घेतात, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यात देवाणघेवाणीचा भाव नव्हता, शेजारधर्म होता.

यंदाच्या वैशाखात, ऊन असं होतं की संध्याकाळीही भिंतींना हात लावावासा वाटत नव्हता. शाळेला सुट्टी लागली होती, पण मी पेपर तपासून कंटाळून गेले होते. प्रार्थना थोडक्यात आटोपली. अक्कांचं नाव घेतलं, "आमेन" म्हटलं आणि उठले.

"चला," पप्पा म्हणाले. बोट अक्कांच्या घराकडे.

"घेतलं की नाव, पप्पा."

"चला." बोट तिकडेच.

मी पुन्हा बसले, अक्कांसाठी पुन्हा दोन वाक्यं म्हटली. उठले, कणीक मळायला घेतली. खाटेवर थाप पडली. मग काठीचा आवाज. पप्पा उभे राहिले होते, एकटे, दाराकडे निघाले होते. त्यांचा ओढता पाय उंबऱ्याला अडकला आणि मी कणकेच्या हातानंच त्यांना धरलं.

"अहो काय चाललंय? पडाल ना! काय झालंय तिकडे?"

त्यांनी काठी उचलून दाखवली. अक्कांच्या उंबऱ्यावर त्यांचं सूप पडलेलं होतं. उघडं. पानं उन्हानं वळून कडक झालेली, तंबाखू पायरीवर सांडलेली. मी दुपारपासून खिडकीतून तीन-चारदा तिकडे पाहिलं असेल. सूप दिसलंही असेल. अक्का आपली पानं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवतात, उन्हात कधीच टाकत नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण मी पाहिलं होतं, बघितलं नव्हतं.

मी धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. अक्का आत फरशीवर पडल्या होत्या, अंग घामानं चिंब, डोळे अर्धवट. हाक मारली तर काहीतरी पुटपुटल्या. मी मिस्टरांना खुणेनं बोलावलं, रिक्षा आणली. दवाखान्यात सांगितलं, साखर एकदम खाली गेली होती. उपास, शुगरची गोळी आणि उष्णता, तिन्ही एकत्र. "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांच्यासाठी ती रोजचीच गोष्ट असेल. मी बाहेरच्या बाकावर बसले. हाताला कणीक वाळून चिकटली होती.

मंडळीतल्या काहींनी नंतर याला चमत्कार म्हटलं. पाळकसाहेबांना दर्शन झालं, असंही कुणी म्हणालं. पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते जोरजोरात मान हलवत राहिले: नाही, नाही. त्यांनी बोटानं आपला डोळा दाखवला. एवढंच. मला वाटतं, त्यांना म्हणायचं होतं की देवानं डोळे दिलेत, आणि प्रार्थना ते झाकू देत नाही. बागेतल्या त्या शिष्यांना प्रभूनं उठवलं ते त्यांनी लढावं म्हणून नव्हतं, आपल्याजवळ कुणीतरी दुःखात आहे हे त्यांना दिसावं, एवढंच त्याला हवं असेल. हे माझं म्हणणं. पप्पांना बोलता आलं असतं तर त्यांनी अधिक नीट मांडलं असतं.

अक्का बऱ्या झाल्या. त्यांचा मुलगा हैदराबादहून आला, आठवडाभर राहिला, आणि आता तो रोज फोन करतो. अक्का म्हणतात, "आता ऐकतोय जरा."

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा माझ्यात काही मोठा बदल झाला, असं मी म्हणणार नाही. अजूनही पुष्कळदा मन कुकरकडे जातं. पण सकाळी बसची वाट बघताना मी आता मनात एकेक चेहरा आणते, आणि वर्गात, स्टाफरूममध्ये तो चेहरा समोर आला की जरा थांबते. परवा गणिताच्या बाई "ठीक आहे" म्हणाल्या. पूर्वी मी "बरं" म्हणून वह्या उचलल्या असत्या. ह्या वेळी बसून राहिले. थोड्या वेळानं त्या त्यांच्या आईच्या आजाराबद्दल बोलल्या, मधली सुट्टी संपेपर्यंत. मी काही सल्ला दिला नाही. त्यांची आई त्या दिवसापासून आमच्या चटईवर आहे.

पप्पांचा हात अजून वळत नाही. मी त्यासाठी रोज मागते, आणि रोज मिळत नाही. पण वाचेचा व्यायाम घ्यायला एक तरुण मुलगी आठवड्यातून एकदा येते. ती म्हणाली होती, "त्यांच्याशी भरपूर बोला, तेच औषध." अक्कांनी ते फारच मनावर घेतलं. दवाखान्यातून आल्यावर त्या पप्पांना शिकवायलाच बसल्या. पेला पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "नीळ्ळू. म्हणा पास्टरसाब, नीळ्ळू." पाणी म्हणजे नीळ्ळू.

"अक्का, मराठीत तरी शिकवा," मी म्हणायचे.

"मराठीचं तुमी बघा की. माझ्याजवळ जे हाय ते मी देते."

गेल्या आठवड्यात आम्ही सगळे चटईवर बसायच्या तयारीत होतो. अक्का पेला घेऊन आल्या. पप्पांनी पेल्याकडे बघितलं, ओठ जुळवले, कपाळावर आठ्या आल्या, आणि घशातून कुठूनतरी खोलातून आवाज आला. "नी...ळू."

मिस्टरांनी कानातलं मशीन नीट केलं. "काय म्हणाले?"

"नीळू," पप्पा पुन्हा म्हणाले, आता स्पष्ट.

व्यायामवाल्या मुलीला मी तिथूनच फोन लावला. ती हसायलाच लागली. "तेलुगू? येऊ दे की, मॅडम! कुठलीही येऊ दे. एक आली की दुसरीला वाट होते."

अक्का पदरानं डोळे पुसत पेला भरत होत्या आणि पप्पा रिकामा करत होते. तहान कुणाला होती? प्रत्येक वेळी पेला पुढे करून ते नवा शब्द म्हणायचे आणि आमच्याकडे एकेकाकडे बघायचे, आम्ही ऐकलं ना ते. त्या संध्याकाळी प्रार्थनेला बराच उशीर झाला.